शिवेबाहेरची रजा

लालसू कुळमेथे पलटणीतून रजेवर आला की बोरटोल्याचे लोक आधी त्याची ट्रंक उचलून पाहत. वजन हाताला लागलं की विचारत, "काय भरून आनलं गा एवढं?" आणि आत पुस्तकं आहेत असं कळलं की तोंड वाकडं करून ट्रंक खाली ठेवत. त्यांचंही चुकत नव्हतं. फौजी माणसाच्या ट्रंकेत कांबळं असावं, रमची बाटली असावी, बायकोचं लुगडं असावं. लालसूच्या ट्रंकेत लुगडं असायचं, पण ते तर्कशास्त्राच्या पुस्तकाखाली दबून चुरगळलेलं.

बोरटोला म्हणजे गोंडपिपरीच्या बाजाराला पायी जाणाऱ्या गोंडांची पंधरा-वीस घरं, धानाच्या बांध्या आणि शिवेपलीकडे लागलीच जंगल. तिथून सातवी पास होणारा लालसू पहिला, फौजेत जाणारा पहिला, आणि इंटरच्या भानगडीत पडणाराही पहिलाच. गावाच्या मते या भानगडीतला शेवटचाही तोच असणार होता.

मॅट्रिक त्यानं फौजेत राहूनच केलं होतं. इंटर म्हणजे त्यापुढची कॉलेजची परीक्षा, पण कॉलेजचं तोंड त्यानं कधी पाहिलं नव्हतं. अभ्यासक्रमाचा कागद नागपूरहून टपालानं आला, पुस्तकं कुणीकुणी जुन्या बाजारातून घेऊन धाडली, आणि जिथं पलटणीचा तंबू तिथं लालसूचं कॉलेज. दुपारी बाकीचे जवान बूट काढून आडवे होत, तेव्हा हा बूट घालूनच बसायचा, कारण बूट काढले की झोप येते हे त्याला ठाऊक झालं होतं. त्याचे सुभेदार साताऱ्याकडचे, मनाचे मऊ आणि जिभेचे तिखट. ते म्हणायचे, "प्रोफेसर, गोळी आली तर ते पुस्तक आडवं धरा, चांगलं जाड आहे." लालसू हसायचा. हसायलाही ताकद लागते, आणि ती त्याच्याकडे बेताचीच उरलेली असायची.

पहिल्या वर्षी ऐन परीक्षेच्या दिवसांत पलटण पंजाबातून हलली आणि लालसू मालगाडीच्या डब्यात खेचरांना चारा घालत राहिला. दुसऱ्या वर्षी पलटण नागा टेकड्यांत होती. रजा मंजूर झाली, डोंगर उतरून तो स्टेशनापर्यंत आला, तिकीट काढलं, आणि मागून तार आली की परत या. तो परत गेला. फौजेत 'का' विचारायची सोय नसते, आणि खरं सांगायचं तर विचारण्याइतका जीवही त्याच्यात उरला नव्हता.

आता हे तिसरं वर्ष, एकोणीसशे सत्तावन्नचं, आणि शेवटचंही. पलटणीतल्या त्याच्या कराराची वर्षं त्या सालाअखेर भरत होती. गोंडपिपरीच्या मिडल स्कूलचे हेडमास्तर त्याला म्हणाले होते, "इंटर होऊन ये, मी वर शब्द टाकतो. मास्तर होऊन आपल्या घरी राहशील." इंटर झाला तर घर, नाही झाला तर आणखी काही वर्षांसाठी सही आणि पुन्हा कुठलेतरी डोंगर. इतका सरळ मामला होता. सुभेदारांनी या वेळी स्वतः साहेबापुढं उभं राहून त्याची दोन महिन्यांची रजा पदरात पाडून घेतली आणि वर बजावलं, "नापास झालात तर तोंड दाखवू नका, प्रोफेसर."

होळी झाल्यावर तो घरी पोचला. त्याची बायको सुकरी दारात उभी होती आणि तिच्या कडेवर वर्षाची चैती होती. मागच्या रजेनंतर जन्मलेली ही पोर लालसू पहिल्यांदाच पाहत होता. पोरीनं या खाकी माणसाकडे पाहून भोकाड पसरलं. लालसूला वाटलं, असू दे, परीक्षा झाली की पुरा महिना आहे, होईल ओळख. परीक्षेला तीन आठवडे होते. त्यानं सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, चटई टाकली, खांबाला पाठ लावली आणि पुस्तक उघडलं.

पोरीची भीती दोन-चार दिवसांत गेली. ती रांगत यायची, त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहायची, पानं ओढायची. तो पान सोडवून घ्यायचा आणि म्हणायचा, "परीक्षा होऊ दे, बाई." सुकरी मोहाची फुलं वेचून आणायची, रांधायची, त्याच्यापुढं ताट ठेवायची, आणि तो डावा हात पुस्तकावर ठेवून जेवायचा. तिनं एकदा विचारलं, "त्या डोंगरात थंडी लागते म्हंतात, खरं का?" तो म्हणाला, "हाव." आणि त्यानं पान उलटलं. बायकोशी असं वागू नये हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण थकलेला माणूस एका वेळी एकच काम करू शकतो, आणि त्यानं आपलं काम निवडलं होतं.

परीक्षेला आठवडा उरला असताना बातमी आली की नदीपलीकडच्या टोल्यात देवीची साथ आली आहे. दोन पोरं गेली होती. त्याच दुपारी बोरटोल्याची माणसं पिंपळाखाली जमली आणि गाव बांधायचं ठरलं.

गावबांधणीची रीत अशी: दिवस मावळताना भुमक, म्हणजे गावचा पुजारी, शिवेच्या चारी कोपऱ्यांत खुंट्या ठोकतो आणि राखेची रेघ ओढतो. मग आतला आत, बाहेरचा बाहेर. रोग आजूबाजूच्या गावांतून निघून गेला अशी खात्री पटली की भुमक खुंट्या उपटतो. तोवर बाहेर गेलेला माणूस परत आत यायचा नाही, मग तो कुणीही असो. आणि बोरटोल्याचा भुमक होता जंगू कुळमेथे, लालसूचा बाप.

लालसू सभेतून उठून बापाच्या मागं गेला. जंगू बाभळीच्या खुंट्या तासत बसला होता.

"बा, माह्यी परीक्षा हाय पुढच्या हप्त्यात. नागपूरले जा लागते."

"मालूम हाय."

"जाऊन आलो तं आत येऊ देशीन का?"

जंगूनं खुंटीचं टोक अंगठ्यानं तपासलं. "जाचं असन तं दिस बुडाच्या आंदी जाय. मंग गाव सुटल तवा येजो."

"मले फौजेत टोचलं हाय. मले देवी होत नाई."

"तुले नाई होत. तुह्या कपड्यासंगं आली तं? बांधणारा मी हाव, लालसू. माह्याच घरचा मानूस आतबाहेर कराले लागला तं बाकीचे काऊन आयकन?"

लालसूची पंचाईत अशी की त्याला यावर भांडताही येईना. पलटणीत असा रोग निघाला की डॉक्टर हेच करायचा. तंबूभोवती दोर बांधायचा, बाहेर संत्री उभा करायचा. तिथं त्या दोराला इंग्रजी नाव होतं आणि इथं राख होती, एवढाच फरक. बाप अडाणीपणानं बोलत असता तर बरं झालं असतं, निदान चिडता तरी आलं असतं.

तो घरी आला आणि ट्रंकेपुढं नुसताच बसून राहिला. राहावं तर इंटर गेलं. जावं तर रजेचा उरलेला महिना गेला, कारण देवी काही महिन्याच्या आत हलत नसते. सुकरी चुलीपाशी होती. सभेतलं सगळं तिच्या कानावर आलं होतं.

"जा तुमी," ती म्हणाली.

"आन तू? पोरगी?"

सुकरी वळली. तिचा आवाज चढला नाही, पण लालसूला तो बरोबर लागला. "इथी असून तुमी इथी कुठी हाव? पोरगी तुमाले खांबावानी धरून उभी राह्यते, आन तुमी बी खांबावानीच राह्यता. परीक्षा गेली तं सही करसान आन अजून मोप वर्सं जासान. त्याच्यापक्षा जा."

तिनं भाकरी फडक्यात बांधून दिल्या. सूर्य झाडांना टेकायच्या आत लालसू शिवेबाहेर पडला. मागं बाप दगडानं खुंटी ठोकत होता. त्याचा आवाज बराच दूरपर्यंत येत राहिला. लालसूनं वळून पाहिलं नाही. वळला असता तर पाय निघाला नसता.

नागपूरच्या हॉलमध्ये त्याच्या आजूबाजूला मिसरूड फुटलेली पोरं होती. त्याला पाहून एकदोघं उभी राहिली, त्यांना वाटलं मास्तर आले. तो मागच्या बाकावर बसला आणि सगळे पेपर त्यानं लिहिले. इंग्रजीचा बरा गेला, अर्थशास्त्राचा बेताचा. तर्कशास्त्राच्या पेपरला मध्येच त्याचे डोळे मिटले आणि देखरेख करणाऱ्या बाईंनी बाकावर टिचकी मारून त्याला जागं केलं. बंदुकीला तेल लावावं तसं सारं क्रमानं उरकलं, आणि शेवटच्या दिवशी हॉलच्या पायरीवर बसल्यावर त्याला ना आनंद झाला ना हायसं वाटलं. फक्त घरी जावंसं वाटलं.

बल्लारशाला उतरून, मोटार पकडून, पुढं पायी तो शिवेवर आला. राखेची रेघ जागच्या जागी होती. पलीकडे जंगू दगडावर बसलेला होता.

"कसा गेला पेपर?"

"गेला. बा, गाव कधी सुटल?"

"तिकडं अजून एक पोरगं पडलं काल. नाई सुटत एवढ्यात."

शिवेबाहेर कुळमेथ्यांचं मोहाचं मोठं झाड होतं आणि त्याखाली राखणीचं खोपटं. लालसू तिथं उतरला. सुकरी रोज संध्याकाळी रेघेपाशी भात आणून ठेवायची आणि दहा पावलं मागं सरायची, मग तो पुढं होऊन उचलायचा. चैती आईच्या कडेवरून त्याच्याकडे बघायची. आता तो मोकळा होता, एकही पुस्तक वाचायचं नव्हतं, आणि पोर हाताला लागत नव्हती. पहिल्या संध्याकाळी त्यानं भात उचलला आणि झाडाकडे तोंड करून रडला. आपलंच केलेलं आपण भोगतोय याचा राग रडण्यात मिसळलेला होता.

आता मोहाचं ऐका. ऐन हंगाम होता. फुलं पहाटे टपटप पडत होती, आणि जवळजवळ सगळी झाडं शिवेबाहेर. घरात बसून लोकांचा जीव वरखाली होत होता, कारण मोह गेला म्हणजे वर्षाचा घास गेला. तिसऱ्या दिवशी झिंगू नावाचा शेजारी रेघेपाशी आला. जिभेचा मोठा तरबेज माणूस. म्हणाला, "लालसूभाऊ, आता तुमी बाहेर हावच तं आमच्या झाडाखालचे बी वेचून ठेवा ना गा."

"वेचतो. पन आत कसे नेसान? गाव बांधलं हाय ना?"

"बंदी मानसाले हाय. मोहाले थोडीच हाय!"

यावर शिवेलगतच्या त्या पिंपळाखाली पुन्हा सभा झाली. जंगू भुमकानं निवाडा दिला की रेघेवरच्या खडकावर फुलं दिवसभर कडक उन्हात पडू द्यावी, मग ती आत घ्यायला हरकत नाही. लालसूनं ते पलीकडून ऐकलं आणि ओरडला, "मंग मी बी पडतो ना बा त्या खडकावर, दिसभर उनात!"

सगळे हसले. जंगू हसला नाही. "फूल श्वास घेत नाई," तो म्हणाला. "तू घेतं."

तर्कशास्त्राच्या ताज्या विद्यार्थ्यानं टोपली उचलली. तो वेचू लागला. आपलं झाड, मग झिंगूचं, मग शेजारपाजारच्यांचं, मग विधवा सुगंधाबाईचं, कारण तिला नाही म्हणता येईना. अंधारात उठायचं, वाकायचं, ऊन तापेपर्यंत वाकूनच राहायचं, टोपल्या खडकावर ओतायच्या. दुपारी रानडुकरं आणि गुरं हाकायची. गाव पलीकडून सांगायचं, "इकडं राह्यले दोन, भाऊ, तिकडं पाहा!" लोकांना त्याची कीव नव्हती असं नाही, पण कामाचा माणूस फुकट मिळाला की कीव जरा मागं पडते. लालसूही मुकाट्यानं करत राहिला. निदान सुकरी खडकावर फुलं भरायला यायची, आणि वाऱ्यावर तिचं बोलणं ऐकू यायचं.

पुढचं इथंच सांगून टाकलेलं बरं, कारण ऐकणाऱ्यांचा जीव त्यातच अडकतो. लालसू पास झाला, तिसऱ्या वर्गात. मास्तरही झाला. फक्त हेडमास्तरांचा शब्द वर कुठंतरी हरवला आणि पहिली नेमणूक मिळाली ती थेट सिरोंच्याकडे, जिथं पोरं तेलुगू बोलत होती आणि घरी यायला पलटणीइतकीच यातायात होती. असं असतं. पण हे सगळं नंतरचं. सांगायचं आहे ते रजेच्या शेवटच्या दिवसाचं.

गाव सुटलं नव्हतं. नदीपलीकडे अजून एका घरात रोग होता. दुसऱ्या दिवशी पहाटे लालसूला निघायचं होतं, नाहीतर बल्लारशाची गाडी गेली असती. त्या सकाळी तो सुगंधाबाईची शेवटची टोपली ओतून खोपटाकडे वळला, तेव्हा त्याला रेघेपाशी सुकरी दिसली. भात आणायची ही वेळ नव्हती. डोक्यावर हंडी होती, काखेत चैती, आणि खांद्याला कपड्यांचं बोचकं.

दगडावरून जंगू उठून उभा राहिला. "सूनबाई, पाय पुढं टाकला तं मांगं घेता येनार नाई."

"मालूम हाय, मामाजी."

"गाव सुटत वरी बाहेर राहा लागन. पोरीसंगं."

"राह्यतो."

आणि तिनं राख ओलांडली. भुमकाची सून, सगळ्या गावादेखत. जंगूनं हात वर केला, पण अडवायला की आशीर्वादाला हे त्याचं त्यालाही कळलं नसावं. तो हात खाली आला आणि तो पुन्हा दगडावर बसला.

लालसू धावत आला. "येडी झाली का तू? मी पहाटे जाऊन राह्यलो. मंग तू आन पोरगी जंगलात एकट्या?"

"खोपटं हाय ना. मामाजी पलीकडं बसून राह्यतील, मले मालूम हाय त्याईचं. तुमी कराच्या तेवढ्या परीक्षा केल्या. मले एक दिस पाह्यजे होता, तो मी घेतला."

लालसूला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि त्यामागून आनंद आला. त्यानं चैतीला घ्यायला हात पुढं केले. ती आईला चिकटली. "दम धरा जरा," सुकरी म्हणाली. "दिस पडला हाय सारा. होते वळख."

तिनं तीन दगड मांडून चूल पेटवली. चैती मोहाची फुलं मुठीत दाबत फिरू लागली, आणि एकदा तर अगदी त्याच्या पायापर्यंत येऊन गेली. सुकरी हंडीत तांदूळ वैरत सांगत होती की पोर आता भिंत सोडून चार पावलं टाकते, आणि लालसू मान डोलवत होता. झाडाखाली सावली गार होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्याला कुठं जायचं नव्हतं, काही वाचायचं नव्हतं, काही वेचायचं नव्हतं.

"भात होत वरी पाठ टेकतो," तो म्हणाला.

त्याचे डोळे उघडले तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं आणि पाखरं परत येत होती. काही क्षण त्याला कळलंच नाही की आपण कुठल्या डोंगरात आहोत. मग तो ताडकन उठून बसला. चूल विझलेली होती. सुकरी उशाशी बसून पळसाच्या पानानं माशा वारत होती. चैती बोचक्यावर डोकं ठेवून गाढ झोपली होती, दिवसभर खेळून दमलेली, आता सकाळपर्यंत न उठणारी.

"दिस बुडाले आला?"

"हाव."

"उठवलं काऊन नाई मले?"

"हाक मारली. हालवलं बी. तुमी 'हजर साब' म्हनलं आन कूस बदलली." सुकरीनं पान खाली ठेवलं. "मंग मले वाटलं, निजून राह्यले तं निजू दे."

लालसू पोरीकडे पाहत राहिला. तिला जागं करावं असं मनात आलं, पण झोपेतून उठवलेलं लेकरू रडतं, आणि तिला रडवून पहाटे निघायचं त्याच्या जिवावर आलं. "आली होती का माह्यापाशी?" त्यानं विचारलं.

"आली ना. दुपारी तुमच्या पोटावर डोकं ठेवून निजली होती, मोप वेळ. तुमचा हात बी होता तिच्यावर."

लालसूनं आपल्या हाताकडे पाहिलं. त्याला काहीच आठवत नव्हतं.